मृग मावळायच्या आत

७ जानेवारी, बुधवार
उद्या गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून आज गच्चीवर. गाइड कॅमेरा आला. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर छोटी दुर्बीण, तिला हा कॅमेरा. त्याने एकच तारा धरून बसायचं. तारा जरा सरकला की लॅपटॉप मोटरला ढोसणार, मोटर सगळं परत जागेवर आणणार, आणि मोठ्या दुर्बिणीतला फोटो हलणार नाही. हे यूट्यूबवर. माझ्याकडे केबल सापडेपर्यंत मृग पश्चिमेला गेला.

अण्णा शेजारी खुर्चीवर, कानटोपी घालून. दुर्बिणीचा लोखंडी खांब त्यांनीच केलेला, रिटायर झाल्या झाल्या. वडिलांचं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं घडवण्यात गेलं, त्यामुळे तो खांब गदागदा हलवला तरी इमारत हलेल, खांब नाही. "काय लावलंस, बघू," म्हणाले आणि कॅमेऱ्यावरून बोटं फिरवली. हल्ली सगळं असंच बघतात.

१५ जानेवारी, गुरुवार
अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. पडदा खराब होतोय. मधलं दिसणं जाणार, कडेचं थोडं राहील. इंजेक्शनं द्यायची, पण गेलेलं परत येत नाही. किती दिवस? सांगता येत नाही म्हणाल्या.

येताना रिक्षात अण्णांनी फाइल मांडीवर घट्ट धरलेली. मग मीच बडबड केली. मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढतो, मोठ्या टीव्हीवर लावतो, जवळ बसून बघा. मृग मला त्यांनीच दाखवला, लहानपणी, कॉलनीच्या मैदानात उताणं झोपवून. ते तीन तारे म्हणजे बाण, त्याच्या खाली धुरकट दिसतं ते बघ. तेव्हा मला दिसलं नव्हतं, दिसलं म्हणून सांगितलं होतं.

अण्णा म्हणाले, बघू की.

मृग मार्चअखेरपर्यंत धड हातात आहे. अण्णांचे डोळे कुठवर, ठाऊक नाही. त्याआधी एक फोटो. एकच.

२१ जानेवारी, बुधवार
जमलं!! तारा धरला. लॅपटॉपवरचा आलेख जवळजवळ सपाट. एकेका मिनिटाचे फोटो, तारे गोल, मोहरीसारखे. तोवर मृग पश्चिमेला उभ्या राहिलेल्या त्या मेल्या उंच टॉवरच्या मागे गेला होता, म्हणून दुसराच कुठला तरी तुकडा काढला. पण जमलं. खाली येऊन स्वातीला उठवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग कूस बदलली.

सगळं तसंच ठेवलंय, वर ताडपत्री. पुढच्या बुधवारी फक्त मृग.

२८ जानेवारी, बुधवार
चंद्र मोठा, फोटोत अर्थ नाही. नुसती चाचणी. सुरुवातीला लॅपटॉप मोटरला मुद्दाम ढोसून तारा किती सरकतो ते मोजतो; आज म्हणतो, पुरेसा हलला नाही. अरे मागच्या बुधवारी हलत होता की. आठवडाभर माझी सेकंड शिफ्ट, मी वर गेलेलोसुद्धा नाही. कशाला हात नाही आणि बिघडलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
केबल बदलली. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. स्वातीचा लॅपटॉप लावून बघितला. आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर विचारलं तर मारुंजीच्या सौरभने सेटिंगचे सतरा स्क्रीनशॉट पाठवले, पोरगा आयटीतला आहे, त्याला उत्साह फार. सगळे करून झाले. तारा अडकतो, अडकतो, मग टुणकन उडी मारतो.

कंपनीत मी क्वालिटीला. दर पार्टनंतर मशीनची सेटिंग बदलणाऱ्या ऑपरेटरवर मीच ओरडतो, राव थांब, दम धर, मशीनला तिचं काम करू दे. आणि रात्री वर येऊन स्वतः तेच.

११ फेब्रुवारी, बुधवार
आज काळोख चांगला होता. चाकणच्या बाजूचं आभाळ नेहमीसारखं तांबूस, तेवढं सोडलं तर. एकही फोटो धड नाही. ताऱ्यांना शेपट्या.

तसाच एक टीव्हीवर लावला. अण्णा पार पडद्याशी जाऊन बसले, मान तिरकी करून. छान आलाय म्हणाले. मी म्हटलं छान कसला, सगळा ओढलाय. म्हणाले, पुढचा येईल चांगला.

 

१७ फेब्रुवारी, मंगळवार
व्हेंडरचा माल आला नाही, लाइन बंद, सेकंड शिफ्टला लवकर सोडलं. दिवेलागणीला घरी. गच्चीचं दार उघडं.

अण्णा दुर्बिणीपाशी. ताडपत्री नीट घडी घालून बाजूला. एका हाताने नळी हलकेच मागेपुढे करत होते, कान जवळ नेऊन, दुसऱ्या हातात स्क्रू आवळायची ॲलन की. जरा आवळायची, हलवायचं, परत जरा आवळायची. मग मागचं वजन केसभर सरकवलं, नळी सोडून दिली, ती जिथल्या तिथे तरंगत राहिली. अण्णा हसले. एकटेच. किती दिवसांनी बघितलं त्यांना तसं हसताना.

मी आवाज न करता खाली आलो. स्वातीला विचारलं. ती म्हणाली, तुमची सेकंड शिफ्ट असली की रोज जातात ते वर. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सौरभला फोन केला, अण्णांचं नाव न घेता. तो म्हणाला, मोटरच्या चाकांचे दाते एकमेकांत पूर्ण आवळायचे नसतात, किंचित खेळ ठेवायचा, बारीकशी फट, नाहीतर मोटर अडकते. आणि दुर्बीण बरोबर तोलायची नाही. एक बाजू जरा जड ठेवायची, म्हणजे दाते एकाच अंगाला टेकून राहतात.

म्हणजे अण्णांनी दोन्ही गोष्टी बरोब्बर उलट केल्यात. आणि उत्तम केल्यात. खेळ राहिला तर काम नापास, हे ते चाळीस वर्षं पोरांना शिकवत आले. माझ्या दुर्बिणीत खेळ लागला हाताला, तर ते गप्प कसे बसतील?

सांगू कसं.

२५ फेब्रुवारी, बुधवार
मी रात्री सैल करतो, ते दिवसा आवळतात. आता फर्स्ट शिफ्ट आहे तर मी निघाल्यावर सकाळीच जातात. त्यांना वाटत असेल, आपोआप सैल पडतंय, म्हणून आणखी जोर. मला त्यांच्यासारखा हात नाही. थोडं सैल, जास्त सैल, परत आवळ, यात सगळी संध्याकाळ. तोवर मृग टॉवरमागे.

स्वाती म्हणाली, एक तर सांगून टाका, नाहीतर फोटो सोडून द्या. रोज तोंड पाडून बसू नका.

५ मार्च, गुरुवार
सांगितलं. वाईट प्रकारे सांगितलं. काल मोटर किंचाळायला लागली आणि बंदच पडली. सकाळी चहाला अण्णांनी विचारलं, काल कसं काय झालं? आणि माझा ताबा सुटला. तुम्ही हात लावता म्हणून होत नाही म्हटलं. महिनाभर तुम्हीच बिघडवताय म्हटलं. मग आवाज खाली आणून खेळ, तोल, सगळं समजावलं, पण आधीचं बोलून झालं होतं.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "खेळ ठेवायचा असतो होय," एवढंच म्हणाले. कप धुवून ठेवला. आत गेले.

मला माझीच लाज वाटतेय. त्यांच्यासाठीच चाललंय ना सगळं?

११ मार्च, बुधवार
आठवडाभर कोणी हात लावला नाही. मोटर उघडून साफ केली, दाते सैल केले, पूर्वेची बाजू जड ठेवली. अंधार पडताच तारा धरला. आलेख सपाट. मृग टॉवरला टेकेपर्यंत फोटो घेत राहिलो. सगळे चांगले. एकावर एक चढवले. तेजोमेघ आला, पंख पसरल्यासारखा, गुलाबी, मध्ये दाटीने बसलेले चार तारे वेगवेगळे.

इतकी वाट बघितली आणि आनंद असा झालाच नाही. अण्णांची खुर्ची रिकामी होती. बोलावलं होतं. गुडघे दुखतायत म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार
दुपारी पडदे ओढून टीव्हीवर लावला. अण्णांना हात धरून आणून बसवलं. पुष्कळ वेळ बसले. मग विचारलं, तारे गोल आलेत? मी म्हटलं, एकदम गोल. कडेचेसुद्धा? कडेचेसुद्धा.

"मग झालं काम," म्हणाले आणि उठायला लागले.

मी म्हटलं, अण्णा, बघा तरी नीट, मधला तो गुलाबी भाग.

तेव्हा बोलले. "मला टीव्हीतलं दिवाळीपासूनच दिसत नाही, लेका. डॉक्टरबाईंनापण तपासतानाच म्हटलं होतं, त्याला सांगू नका. तुझी हौस होती, म्हणून बसायचो. आन् वर हाताला काम होतं."

  ते भिंतीला हात लावत आत गेले, स्वातीने चहा टाकला.

टीव्ही बंद केला.

उद्या आभाळ स्वच्छ आहे म्हणतात. अण्णांना वर चला म्हणायचंय. मघापासून दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. चला म्हटल्यावर ते विचारतील, कशाला.