मस्कतच्या पेट्रोलचा खरा भाव

११ जानेवारी, रविवार

पाच महिने या डायरीत एक अक्षर लिहिलं नाही. माफी मागायला हवी. कुणाची, हा प्रश्न उरतोच, कारण वाचणारा मीच. तरी मागतो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते लिहावंसं वाटलं नाही.

तर ते असं. तळोज्याचा आमचा कारखाना मार्चअखेर बंद. सगळं गुजरातेत, दहेजला. ज्यांना यायचंय त्यांनी ३१ जानेवारीच्या आत फॉर्मवर ‘तयार’ लिहून सही करायची. कॉस्टिंग खात्यात मला एकवीस वर्षं झाली. मी सही केलेली नाही.

दुसरा रस्ता मस्कतचा. माझा साडू सुशांत, म्हणजे पद्मजाच्या धाकट्या बहिणीचा, सईचा नवरा, चौदा वर्षं तिथे आहे. त्याने त्याच्या कंपनीत माझं नाव सुचवलंय. पोस्ट कॉस्ट कंट्रोलरची. पगार सहाशे रियाल, म्हणजे आपले एक लाख चाळीस हजार. पद्मजा दोन दिवस स्वयंपाकघरात गुणगुणतेय.

मी हो म्हटलेलं नाही. उपकार करणाऱ्याचा हेतू आधी तपासावा.

१२ जानेवारी, सोमवार

कळंबोलीच्या पंपावर पाचशेचं पेट्रोल टाकलं. काटा हलल्यासारखा वाटला, पण ती बहुधा माझीच नजर. लिटरला एकशे चार रुपये आणि वर पैसे. पंपावरच्या माणसाला म्हटलं, झीरो नीट बघू दे. तो म्हणाला, साहेब, रोज बघता, एकदा तरी कमी निघालंय का? उद्धट.

सुशांत दर शुक्रवारी फॅमिली ग्रुपवर पंपाचा फोटो टाकतो. खाली ठरलेलं वाक्य: ‘बारा रियालमध्ये फुल टँक! तुमच्याकडे काय चाललंय?’ चौदा वर्षांत या माणसाला दुसरा विषय सुचला नाही. सासरे त्यावर अंगठा टाकतात. माझ्या कुठल्याही मेसेजवर सासऱ्यांनी अंगठा टाकल्याचं आठवत नाही.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: अविनाश, हा हेवा आहे का? पाच मिनिटं विचार केला. नाही.

संकल्प: जगातल्या प्रमुख देशांतल्या पेट्रोलच्या किमतींचा तौलनिक अभ्यास. आयते आकडे घ्यायचे नाहीत. प्रत्येक देशाचा मूळ भाव त्याच्या चलनात घ्यायचा, रुपयांत मी स्वतः करायचा.

१३ जानेवारी, मंगळवार

ऑफिसात काम नसतंच हल्ली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हाँगकाँग, नॉर्वे, नेपाळ, भूतान उरकले. हाँगकाँग तीनशेच्या वर. भूतान आपल्यापेक्षा स्वस्त, याचा थोडा त्रास झाला.

मग ओमान. पुरावा आरोपीच्याच हातचा घेतला. सुशांतचा शुक्रवारचा फोटो मोठा करून पाहिला. उन्हामुळे बाकीचे आकडे पुसट, पण लिटरचा भाव स्पष्ट: २३९ बैसा. बैसा म्हणजे त्यांचे पैसे. म्हणजे दोन रियाल एकोणचाळीस. एक रियाल आजच्या दराने दोनशे चौतीस रुपये.

गुणाकार केला. पुन्हा केला. मग कॅल्क्युलेटर बदलून केला.

लिटरला पाचशे एकोणसाठ रुपये.

खुर्चीतून उठून पाणी प्यायलो.

१३ जानेवारी, संध्याकाळ

एवढा मोठा आरोप करताना शंका घ्यायलाच हवी, म्हणून सगळं तपासलं. तीन दिवसांचे विनिमय दर. ऑक्टेनचा फरक. उष्ण हवामानात पेट्रोल प्रसरण पावतं, त्याचाही हिशोब धरला. फार तर दोन-तीन रुपये इकडेतिकडे.

कुवेत आणि बहरीनही करून पाहिले, याच पद्धतीने. तेही अडीचशेच्या पुढेच. तीन देशांनी एकमुखाने साक्ष दिली. दुबई मात्र साठ-पासष्टच्या घरात येते. हे नीट समजत नाही. शेजारी शेजारी असून एवढी तफावत? पण पनवेलच्या आणि मुंबईच्या भावातही फरक असतोच.

काही वेबसाइट ओमानचा भाव छप्पन रुपये देतात. सगळ्याच देतात. यावरूनच कळतं की एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली.

मुख्य म्हणजे बारा रियाल भागिले दोन एकोणचाळीस: पाच लिटर. पाच लिटरला हा माणूस ‘फुल टँक’ म्हणतो.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला. ठीक आहे. सत्य गोड करूनच सांगितलं. ग्रुपवर अकरा देशांचा तक्ता टाकला, ओमान सर्वांत वर, लाल रंगात. खाली लिहिलं: ‘सुशांतराव, तेलाच्या देशात जगातलं सर्वांत महाग पेट्रोल! आमच्या कोकणात हापूस विकणाऱ्याच्या घरी डागी आंबेच खातात, तसंच हे. पाच लिटरच्या फुल टँकबद्दल अभिनंदन.’

सासऱ्यांनी अंगठा टाकला! नंतर पद्मजाने सांगितलं की त्यांना तो सुशांतचा मेसेज वाटला, चष्मा नव्हता.

सुशांतचं उत्तर: ‘अविनाशराव, जरा फोन कराल का?’ बस्स, एवढंच. पकडला गेलेला माणूस नेहमी फोनवर या म्हणतो.

१५ जानेवारी, गुरुवार

सुशांतचा सकाळी फोन. घेतला नाही. दुपारी पुन्हा. घेतला नाही.

पद्मजा हळदीकुंकवाची वाणं मोजत होती. म्हणाली, अहो, उचला ना, इंटरव्ह्यूचं काही सांगत असेल. मी म्हटलं, म्हणूनच उचलत नाही. इंटरव्ह्यू द्यायचा तर स्वतःच्या बळावर, आतून प्रश्न कळले तर तो वशिला झाला. ती म्हणाली, नाव त्यानेच टाकलंय, तो वशिला नव्हता? मी म्हटलं, ती शिफारस. ती म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी फिरताना काशीरामशेठ भेटले. आमच्या सोसायटीखालची जमीन मूळची त्यांची. पूर्वी तिथे भात, आता आम्ही. त्यांना सहज तक्ता दाखवला. बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, सायेब, आमचा भाचा मस्कतला पान्याचा टँकर चालवतंय, त्यानं बेलपाड्याला दोन मजली घर बांधलाय. पेट्रोल आवरा म्हाग, तं तो काय उंटावर पानी नेतंय?

मी म्हटलं, टँकर डिझेलवर चालतो.

ते म्हणाले, तुमी फार शिकलेले हाव. तुमाला जायाचा हाय का नाय, तेवराच सांगा.

एका भाच्यावरून निष्कर्ष काढणं ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

येत्या मंगळवारी व्हिडिओवर इंटरव्ह्यू. आज शांतपणे स्वतःला विचारलं, जायचं का? विचार केला तेव्हा लक्षात आलं की सुशांतने मला सापळ्यात ओढलंय. कंपनीची फॅक्टरी शहरापासून चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी. गाडी बाराचं ॲव्हरेज देते असं धरलं, तर महिन्याचं पेट्रोल साडेतीनशे रियाल. पगार सहाशे! म्हणजे अर्ध्याहून जास्त पगार टाकीत.

पद्मजाला दाखवलं. ती म्हणाली, मग तिथली माणसं कामावर जातात कशी? म्हटलं, कर्जात. ती म्हणाली, सई तर दर शनिवारी दीडशे किलोमीटरवर समुद्रकिनारी जाते. म्हटलं, तेच. कर्जात.

तिने सईला फोन लावला. मी तिला बंद करायला लावला. आपल्या घरातला हिशोब बाहेर नको.

निर्णय: जाईन, पण माझ्या अटीवर.

२७ जानेवारी, मंगळवार

इंटरव्ह्यू झाला. उत्तम. वर ब्लेझर, खाली घरची पॅण्ट. पद्मजा दाराआड उभी होती, तिला आत जायला सांगितलं.

समोर दोघे. एक तिथले मालकांपैकी, ते फारसं बोलले नाहीत. दुसरे फायनान्स मॅनेजर, केरळचे. कॉस्टिंगचे प्रश्न विचारले, सगळे सुटले. ते म्हणाले, तुमच्या ब्रदर-इन-लॉने तुमच्या अचूकपणाबद्दल फार सांगितलंय. मनात म्हटलं, अपराधी मनाने सांगितलं असणार.

अपेक्षा विचारल्या. मी स्क्रीन शेअर केली. म्हटलं, बेसिक मान्य, वर साडेतीनशे रियाल पेट्रोल भत्ता, हा त्याचा आधार. मॅनेजरांनी भाव परत वाचायला सांगितला. वाचला. मग त्यांनी अगदीच प्राथमिक प्रश्न विचारला: एका रियालचे बैसे किती? उमेदवार गोंधळतो का ते पाहत असावेत. मी हसून ताडकन सांगितलं, शंभर.

मालक काहीतरी अरबीत म्हणाले. मॅनेजर म्हणाले, व्हेरी इंटरेस्टिंग शीट. कळवतो.

पद्मजाला सांगितलं, शीट आवडली. ती देवासमोर साखर ठेवून आली.

२८ जानेवारी, बुधवार

ऑफिसात दहेजचा फॉर्म घेऊन एचआरचा मुलगा आला. म्हणाला, सर, तीन दिवस आहेत अजून, घाई नको. पण माणसाने दोन दगडांवर पाय ठेवू नये. ‘तयार नाही’ लिहिलं, सही केली, तारीख घातली.

घरी सांगितल्यावर पद्मजा खुर्चीत बसली. म्हणाली, मस्कतचं पत्र तरी येऊ द्यायचं. मी म्हटलं, तुला विश्वास नाही? ती म्हणाली, कशावर ते सांगा.

३० जानेवारी, शुक्रवार

मस्कतहून काही नाही. भत्त्यासाठी वरची मंजुरी लागत असेल.

ग्रुपवर आज पंपाचा फोटोही नाही. तक्त्याचा परिणाम. सुशांतला त्याची जागा कळली असावी.

१ फेब्रुवारी, रविवार

आज सईचा फोन आला, पद्मजाला. मी बाहेरच्या खोलीत होतो. पद्मजा आधी हं हं करत होती, मग तेही थांबलं. बाहेर येऊन म्हणाली, पोस्ट दुसऱ्याला दिली.

का, म्हटलं.

म्हणाली, एका रियालचे हजार बैसे असतात.

मी म्हटलं, शक्य नाही, शंभर. ती म्हणाली, हजार. कुवेतचेही हजार. सई म्हणते, सुशांत पंधरवडाभर तुम्हाला हेच सांगायला फोन करत होता. ग्रुपवर सगळ्यांसमोर, बाबांसमोर लिहायचं त्याला बरं वाटेना. थोरले साडू आहात. इंटरव्ह्यूनंतर त्या मॅनेजरने त्यालाच बोलावून विचारलं, हाच तो अचूक माणूस का. आता त्याला तिथे मान खाली घालून बसावं लागतं.

मी म्हटलं, चूक फक्त एका शून्याची आहे.

ती म्हणाली, वीस वर्षं माझ्या किराण्याच्या बिलाची बेरीज तपासता ना तुम्ही? आणि आत गेली. पोळ्या लाटण्याचा आवाज आला. पूर्वीपेक्षा जोरात.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

रविवार असूनही एचआरच्या त्या मुलाला मोबाइलवर फोन केला. फॉर्म काल हेड ऑफिसला गेला. दहेजची माझी जागा एकाने मागून घेतली आहे. मुलगा म्हणाला, सॉरी सर, मी म्हटलं होतं.

तक्ता दुरुस्त केला. ओमान छप्पन रुपये. लाल रंग काढला. दुबईचं कोडं सुटलं: तिथल्या दिरहमचे खरोखरच शंभर असतात. बारा रियालमध्ये पन्नास लिटर येतात; फुल टँकच आहे.

स्वतःला पुन्हा विचारलं, हेवा होता का? या वेळी पाच मिनिटं लागली नाहीत.

पद्मजाने जेवायला वाढलं. मी म्हटलं, सुशांतशी बोलायला हवं. ती म्हणाली, बोला. तुमच्यासाठी नका बोलू, माझ्या बहिणीला तिथे राहायचंय.

उद्या: सुशांतला फोन करून माफी मागणे. मस्कतचे नऊ म्हणजे आपले साडेदहा. आधी पद्मजाकडून तपासून घेणे.