बोलले चारचौघांत

जयगड, गुरुवार

आईला एस्तेरचा सलाम. प्रभू तुला बरी ठेवो.

हाताचं प्लास्टर काढलं, भाकरी थापते, काळजी करू नको. तुझ्या डोळ्यांत औषध कोण घालतं? दादा विसरतो, त्याला ओरड.

वीस वर्षांत मी चर्चचा एकही रविवार चुकवला नाही, असं तू सगळ्यांना सांगतेस. आता सांगू नको. इथली गुणवंती मासे विकते, नवी ख्रिस्ती झाली. मी मंडळीसमोर म्हणाले होते, "ही देवासाठी नाही, मदतीसाठी येते." तिनं ऐकलं. तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला ती ज्या रांगेत गुडघे टेकते, ती रांग मी टाळते.

हात मोडला तेव्हा मंडळीतलं दुसरं कोणी फिरकलं नाही. तीच रोज येऊन भांडी घासायची. मी विचारलं, "तुला राग नाही आला गं?"

"आला होता ना, ताई. देवाशी भांडले, मग आले. आता गरम कालवण जेवा."

येत्या रविवारी मंडळीसमोर तिची माफी मागणार आहे. हे म्हणतात, गुपचूप तिच्या घरी जा. का म्हणून? बोलले चारचौघांत, मग माफी कोपऱ्यात कशाला?

नंतर तिच्याच शेजारी गुडघे टेकीन. ती सरकली तरी मी उठणार नाही.

तुझी हट्टी लेक,
एस्तेर