झिरकपूरच्या गाळ्यावरील पाटी

मी, वामन रामचंद्र खोडके, वय एकोणपन्नास, राहणार सेक्टर ४५, चंदीगड, मूळ गाव मेहकर तालुक्यात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी न सांगता लिहीत आहे. हृदय अशक्त आहे. बुद्धी देवाच्या कृपेने जागेवर आहे.

१. राहते घर आणि भविष्य निर्वाह निधी पत्नी सुरेखा हिला. तिच्यामागे घर मुलगी चिन्मयी हिला.

२. गावच्या शेतातील माझा हिस्सा थोरले बंधू शशिकांत यांना. मी डेराबस्सीच्या औषध कारखान्यात लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "एवढ्या लांब जाऊन गोळ्याच वळणार ना?" वळल्या. त्यातूनच हे घर झाले, एवढे त्यांना सांगावे.

३. झिरकपूरचा गाळा मुलगा अंकुर याला. तिथे तो ताकदीच्या पावडरी, कॅप्सूल विकतो. माझ्या हृदयाचे पंपिंग तीसवरून बेचाळीस टक्क्यांवर आले, तेव्हा मी डॉक्टरांच्या गोळ्या आणि त्याच्या कॅप्सूल, दोन्ही घेत होतो. त्याने माझा फोटो लावून पाटी केली: 'हार्ट की पंपिंग बढ़ाए'. "पापा, आपसे बढ़िया इश्तहार कौन?" मलाही बरे वाटले होते.

मग नवरात्र आले. गोळीत मक्याचा स्टार्च असतो, हे मला कामामुळे ठाऊक. मका म्हणजे धान्य, उपवासाला कसा चालेल? म्हणून नवरात्रभर नुसत्या कॅप्सूल घेतल्या. दसऱ्याला पाय सुजले, जिना चढवेना, पंपिंग पुन्हा घसरले. दवाखान्यात सुरेखा म्हणाली, "देवीला तुमच्या गोळीतला मका दिसतो, आणि माझं कुंकू दिसत नाही होय?"

म्हणून पहिल्या मसुद्यात अट घातली: पाटी उतरवली तरच गाळा अंकुरचा, नाहीतर चिन्मयीचा. त्याला वाचून दाखवला.

"पापा, दुकान उसी बोर्ड से चलती है."

"चालते रे. पण ती वाचून कोणीतरी गोळ्या सोडेल."

तो न जेवता उठून गेला.

परवा त्याच्या दुकानाशी गेलो. पाटी नव्हती. आत एक सरदारजी विचारत होते, "वो पंपिंग वाला डब्बा?"

अंकुर म्हणाला, "अंकलजी, डॉक्टर की गोली चल रही है ना? वही खाओ. ये उसकी जगह नहीं ले सकता."

सरदारजी काही न घेता गेले. मी बाहेरूनच परतलो.

सबब अट रद्द. गाळा अंकुरचा, बिनशर्त. तो माझा मुलगा आहे, हे या कागदावर मी अभिमानाने नोंदवत आहे.

सही: वामन रामचंद्र खोडके
आमच्यासमोर सही केली:
१. हर्षवर्धन देवधरे, शेजारी
२. उल्का देवधरे, शेजारी
चंदीगड, २३ नोव्हेंबर २०२५