दोन बिल्ले

११ जानेवारी
पोचलो एकदाचा! बेटावर दिवसातून एकच होडी येते. प्रवासी मी आणि कांद्याची दोन पोती. पोत्यांना जागा आधी मिळाली. खोली झकास. खिडकीत समुद्र, भिंतीवरच्या चित्रातही समुद्रच. खिडकीवर भरवसा नसावा. आमच्या हिला इथे यायचं होतं. बारा वर्षं मी 'पुढच्या हिवाळ्यात' म्हणत राहिलो. मागच्या हिवाळ्यात ती गेली आणि मला सवड झाली. लेक म्हणाली, बाबा, जाऊन या, घरात बसून भिंतींना टोमणे मारताय.

१२ जानेवारी
या लॉजची मालकीण खमकी. दाराशी खिळे ठोकलेला फळा आहे. किनाऱ्यावर फिरायला निघताना लाकडी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, परतल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. भरतीला कड्याखालची वाट बुडते, म्हणून बाहेर कोण आहे ते तिला कळायला हवं. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, असा दमही भरला. जणू मी नावाजलेला बिल्लेचोर.

तासभर चाललो. बोचरी थंडी, रिकामा किनारा, छान वाटलं. परतलो तर बाई फळ्यासमोर उभी. माझ्या खिळ्याशेजारी आणखी एक बिल्ला. मीच अडकवलेला. सत्तावीस वर्षांच्या संसारात हाताला जोडीने उचलायची खोड लागलेली. मी हसलो. बाई हसली नाही. दुसरा काढूही देईना. ज्याचा आहे तो येऊन काढेल, म्हणाली.

१३ जानेवारी
बिल्ला तिथेच. एक जरी बिल्ला लटकत असेल तोवर दार लावायचं नाही, हा इथला नेम. म्हटलं, बाहेर कुणी नसेलच तर? म्हणाली, असं अजून झालेलं नाही. माझे दात वाजतायत, नेम ठणठणीत.

फिरताना मागे पावलं वाजली. एक नीट, एक घासत. वळलो, कुणी नाही. हिचा उजवा गुडघा असाच होता. मी कायम पुढे, ही मागे. अहो, जरा थांबा की, म्हणायची. मी म्हणायचो, तू ये सावकाश, मी पोचून चहा सांगतो. विनोद होता तो.

१४ जानेवारी
बिल्ला ओला. पाऊस नाही.
बाईने सामान बांधायला सांगितलं. उद्याची होडी धरा. किनाऱ्यावर जाऊ नका, गेलात तर थांबू नका. मागचं माणूस थांबवतं, भरती थांबत नाही. मग सगळ्यात वरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथला बिल्ला काळा पडलाय. तिच्या नवऱ्याचा. म्हणजे दार कित्येक वर्षं उघडंच. बुडालेल्या भावासाठी थांबला होता, म्हणाली.

१५ जानेवारी, दुपार
होडी गेली. मी गेलो नाही.
हे लेकीलाही सांगितलेलं नाही. इस्पितळात त्या दिवशी हिने माझी बाही धरली. जरा थांबा, म्हणाली. मी म्हटलं, आलोच, चहा घेऊन येतो. वर आलो तर चादर तोंडावरून ओढलेली. चहा गरम होता.

१५ जानेवारी, संध्याकाळ, कड्याखाली
वही खिशात होती. आज एकच बिल्ला अडकवला. माझा. तिचा होताच.
पावलं— घासत— जवळ. पुढची वाट बुडाली.
धाप लागलीय तिला. वळून बघत नाही. वळलो आणि नसली तर—
पाणी गुडघ्याला. गार.
सावकाश ये. घाई नाही. या वेळी मी थांब—