फळीवरचे पाच बिल्ले

सोमवार, ३

...आणि वर बाबा म्हणतात, कुठंही जाऊन मर, पण त्या गावात पाय ठेवू नकोस. का, ते विचारलं की तोंडाला कुलूप. मग आलोच मी इथं. मुद्दाम आलो. सातवीत शाळा सोडली म्हणून जन्मभर नालायक म्हणायचं, आणि नालायकानं काम शोधलं तर तेही वाकडं!

काम झकास आहे. इथला ओतकामाचा कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली. म्हातारे कामगार एकेक करून चाललेत, म्हणून एक बाई त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवतायत. मी मशीन उचलायचं, बटण दाबायचं, मग हेडफोन लावून खोकले आणि मधल्या रिकाम्या जागा कापायच्या. रोज काय केलं ते वहीत लिहायचंही बाईंनीच लावून दिलंय. खोली कारखान्याच्या फाटकाच्या आत, जुन्या हजेरीच्या ऑफिसात. भिंतीवर ही लांबलचक फळी, तिच्यावर दोनशे खिळे. एकावर शर्ट, एकावर टॉवेल. घरी मला एक खिळा मिळत नव्हता.

बुधवार, ५

आज साचेवाले आजोबा. साच्याची वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे टिकले की वाळू जमली, असं सांगत होते. मधेच थांबून माझ्याकडं टक लावून बघत बसले. कुणाचा रे तू, म्हणाले. बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि एकदम गोड झाले. म्हणाले, बाळा, आमचं बोलणं असं सुरू होत नसतं. आधी हजेरी पुकारायची. आत शिरताना ज्यानं त्यानं आपला पितळी बिल्ला फळीवर टांगायचा, हजेरीबाबूनं नंबर पुकारायचा, आपण हजर म्हणायचं. काम संपलं की त्यानंच सुट्टी म्हणायचं. तोवर माणूस आतच. मेला तरी आतच, म्हणाले, आणि हसले.

बाईंनी दिलेली कामगारांच्या नंबरांची जुनी यादी काढून मी आजोबांचा नंबर पुकारला, एकशे बेचाळीस. म्हातारा असा हजर म्हणाला की कपबशी वाजली. यादीत पाच नंबरांवर लाल रेघ होती. तेही पुकार, म्हणाले. पुकारले. माझ्या बापाचं काय जातंय?

शुक्रवार, ७

रेकॉर्डिंग ऐकलं. पाच लाल नंबर पुकारताना मी प्रत्येकानंतर जरा थांबलोय. त्या प्रत्येक जागी कुणीतरी हजर म्हणतंय. पाच वेगवेगळे आवाज. मागं भट्टीची घरघर. आजोबांच्या घरात कसली आलीय भट्टी? मशीन जुनं आहे, आधीचं काही राहिलं असेल. कापून टाकलं.

जेवून येऊन परत लावलं. पाचही जागच्या जागी.

शनिवार, ८

माझ्या शर्टाशेजारच्या खिळ्यावर बिल्ला. सत्त्याऐंशी नंबर, लाल रेघेच्या पाचांतला. सकाळी नव्हता. काढायला गेलो तर बोटं भाजली. ह्या खोलीत ऊनसुद्धा येत नाही.

बाईंना दाखवला. त्या खूश, संग्रहात ठेवू म्हणाल्या. त्यांच्या हाताला तो गार लागला.

सोमवार, १०

आज क्रेनवाला. उंचीमुळं सगळे त्याला उंट म्हणतात. मशीन बंद कर म्हणाला. मी केलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी भट्टीखालच्या खड्ड्यात पाच जण साफसफाईला उतरले होते. वर भट्टी फुटली. वितळलेलं लोखंड सगळं खाली. साहेबानं हजेरीबाबूला सांगितलं, पाच बिल्ले काढ. फळीवर बिल्ला नाही म्हणजे माणूस कामावर आलाच नाही. बाबूनं काढले. खड्ड्यात वाळू ओतली. बायकांना सांगितलं, नवरे पळून गेले. एकीनं सात वर्षं नवऱ्याचे कपडे धुऊन वाळत घातले म्हणे. बाबूला बढती आणि लांब बदली.

कोण तो बाबू, मी विचारलं. उंट म्हणाला, आरशात बघ. पोरानं बापावर जावं, पण इतकं?

मंगळवार, ११

बाबांना फोन केला. हजेरीबाबू तुम्हीच ना, विचारलं. म्हणाले, साहेबानं सांगितलं होतं. तू आईच्या पोटात होतास. मी म्हटलं, त्या पाचांचंही कुणीतरी पोटात असेल की. त्यांनी फोन ठेवला.

प्रगतिपुस्तकावर खोटी सही केली म्हणून ह्याच माणसानं मला पट्ट्यानं फोडलं होतं!

बुधवार, १२

फळीवर पाचही बिल्ले लागलेत, बाईंनी नेलेलाही. फरशी तापलीय, चपला चिकटतात. साचेवाल्या आजोबांकडं पळत गेलो, सगळं सांगितलं. ते शांत. म्हणाले, रक्त तेच आहे, म्हणून तर तुझ्याकडून पुकारून घेतलं. त्या पाचांतला एक माझा धाकटा मुलगा. पाया पडलो त्यांच्या. डोक्यावरून हात फिरवला. तुझ्यावर राग नाही रे बाळा, म्हणाले, पण गळाला काहीतरी लावावं लागतं.

गुरुवार, १३

सुट्टी म्हणालो. पाच वेळा. घसा फाटेस्तोवर. हेडफोनमधून — मशीन बंद होतं — एकच उत्तर. तू नाही. ज्यानं काढले त्यानं —

पिशवी उचलून फाटकापर्यंत गेलो. पुढं पाऊल टाकलं आणि तळपाय — परत आलो. सहाव्या खिळ्यावर एक बिल्ला. कोरा. अजून गार आहे.

शुक्रवार, १४

कोमट.

शनिवार, १५

भाजतोय. त्यावर नंबर उमटतोय — पहिला आकडा दिसतो —

ते पाचजण ओरडत नाहीत. नुसते उभे. वाळू गळते त्यांच्या —

उंट फाटकाबाहेर बसून आहे. त्याच्या हाती चिठ्ठी देतोय. बाबा, पाय भाजलाय, चालता येत नाही, न्यायला या. खोटं एक अक्षर नाही. येतील. कसेही असले तरी बाप आहेत. आले की सुट्टी म्हणतील आणि मी —

मी काय वाईट वाटून घेऊ? त्यांना वाटलं होतं?

गाडीभाडं सोबत देतोय. एका माणसाचं. येण्याचं. परतीचं लागणार नाही — बाबा, नऊशे साठ रुपये पाठवतोय, नऊशे सा