दारावरची पाटी

तीर्थरूप बाबा,
रुसले असले तरी नमस्कार करते.

तब्येत ठीक आहे, खोली उबदार आहे, वेळेवर जेवते. आईला इथपर्यंतच वाचून दाखवा.

करकायद्याच्या कॉलेजांची क्रमवारी पाहून तुम्ही तिसऱ्या नंबराभोवती लाल गोल केलात आणि मला इथे धाडलंत. तो नंबर ज्या सरांच्या नावावर मिळालाय, ते दोन वर्षांपूर्वीच इथून गेले. शिपाई त्यांच्या दारावरची पाटी मात्र रोज पुसतो. क्रमवारीसाठी गुण देणारे बाहेरच्या कॉलेजांचे प्राध्यापक अजून ते नाव ऐकूनच गुण देतात.

सर हल्ली आपल्या घरामागच्या कॉलेजात शिकवतात. एकोणिसावं म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, तेच.

गुडघा कसा आहे? अजून त्या कॉलेजच्या फाटकावरूनच फिरायला जाता ना? सर भेटले तर माझा नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी