व्हॉल्व्हचा डबा

३ मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार, आणि नमस्कारानंतर लगेच भांडण.

फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि आई मधल्या मधे भरडली जाते, म्हणून लिहून भांडते. घरातला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर बाजूला सारून तुम्ही स्वतः व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्यांचा, बांधायला घेतलाय म्हणे. त्यातून गाणारी बाई समोर बसल्यासारखी वाटते, असं तुमचं म्हणणं. आमच्या कारखान्यातल्या तपासणीच्या यंत्राला विचारलं तर ते सांगेल, व्हॉल्व्ह आवाजात पदरचं थोडं मिसळतो आणि तेच कानाला गोड लागतं. पण कानाचा वाद मी सोडला. मला तुमच्या बोटाची काळजी आहे.

रेडिओदुरुस्तीच्या दुकानात जन्मभर तुम्ही प्लग उपटला की लगेच बोट आत घालून कुठला ट्रान्झिस्टर तापलाय ते बघत आलात. तिथे तीस-पस्तीस व्होल्ट, म्हणजे मुंगी चावल्यासारखं. या डब्यात चारशे असतात, आणि प्लग काढला तरी ते वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. व्हॉल्व्ह बसवण्याआधी नुसता वीजपुरवठा तपासताना तर त्यांना बाहेर पडायला वाटच नसते. बाबा, मी येईपर्यंत आत हात घालू नका. मला पदवी मिळाली तेव्हा तुम्हीच गल्लीभर सांगत होतात, आता घरात शिकलेलं माणूस आहे म्हणून. मग ऐका ना त्याचं!

लोभ असू द्या. तूर्त राग आला तरी चालेल.

तुमची बाळी

११ मार्च

चि. बाळीस पोटभर आशीर्वाद.

अक्षर आईचं पाहून घाबरू नकोस. चष्मा फुटलाय, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्याची भीती घालतेस होय? काम झकास चाललंय. वेळेवर जेवत जा.

बाबा

बाळे, आता हे माझ्या मनाचं. ते आंघोळीला गेलेत. चष्मा धडधाकट आहे. परवा त्यांनी प्लग काढला आणि सवयीने बोट घातलं. स्टुलासकट मागे फेकले गेले. माझ्या हातून भांडं पडलं. उजव्या हाताची दोन बोटं भाजलीत. डॉक्टरांनी छाती तपासून ठीक आहे म्हटलं. मी म्हणाले, डबा भंगारात घाला, तर हे म्हणतात, बोटं बरी झाली की पुन्हा बसणार. मी अडवलं तर माझ्या माघारी बसतील. काय करू, सांग. मला रात्री झोप नाही.

आई

१६ मार्च

ती. आईस नमस्कार, आणि बाबांच्या बोटांना फुंकर.

हे पत्र बाबांसमोर मोठ्याने वाच. चोरून काही नको.

रजा दोनदा मागितली, मिळाली नाही. डबा फेकून दे असंच लिहिणार होते. पण मग वाटलं, जिथे शिकवायचं तिथे मी नुसती भीतीच घालणार असेन, तर शिकले कशाला? सोबत एक काठी पाठवतेय. तिच्या टोकाला रेझिस्टर बसवलाय. काठीची वायर डब्याच्या पत्र्याला लावायची, प्लग काढायचा, टोक कंडेन्सरला टेकवायचं, म्हणजे साठलेली वीज हळूहळू उतरते. मीटरचे चिमटे, एक पत्र्याला आणि एक कंडेन्सरला, आधीच लावून ठेवायचे. बाबांचा डावा हात खिशात, म्हणजे विजेला छातीतून जायला रस्ता नको. लेंग्याला खिसा नसेल तर तू शिवून दे.

आणि आई, किती व्होल्ट उरलेत तो मीटरवरचा आकडा तू वाचायचास, शून्यावर येईपर्यंत. घाईतल्या माणसाला हवा तोच आकडा दिसतो. तू "हं" म्हटल्याशिवाय बाबांनी हात घालायचा नाही. बाबा, कबूल असेल तरच काठी वापरा, नाहीतर परत पाठवा.

माया आहेच, तिच्यासोबत एवढी आज्ञाही पाळा.

बाळी

२९ मार्च

चि. बाळीस आशीर्वाद, या वेळी माझ्या हाताने.

काठी परत पाठवली नाही, यावरून काय ते समज. तुझी आई मीटर धरून शेजारी बसते, मुख्याध्यापिका परवडली! चार वेळा सगळं रीतसर झालं. काल पाचव्यांदा मी प्लग काढून मीटरकडे पाहिलं, तर शून्य. म्हटलं, बरं झालं, काठीचीही गरज नाही. हात पुढे केला, तशी तिने मनगट धरलं. मी खेकसलो, शून्य म्हणजे शून्य, आकडे कळतात ना तुला? ती म्हणाली, रोज आकडा जिना उतरल्यासारखा खाली येतो, आज आधीच तळाशी कसा? हात सोडेना.

चिडून वाकून पाहिलं. पत्र्याला लावलेला मीटरचा चिमटा निसटून खाली लोंबत होता. एका हाताने तो परत लावला आणि मीटरवर आकडा उसळला, तीनशे नव्वद. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग काठी लावली. आकडा तळाशी आल्यावर तिने "हं" म्हटलं.

आज कंडेन्सरवर एक रेझिस्टर कायमचा जोडून टाकला, म्हणजे साठा आपोआप उतरेल. मग व्हॉल्व्ह बसवले. गाणं लागलं. आवाज कसा आहे ते तू आलीस की तुझ्या यंत्राला विचारू. तुझी आई म्हणते, बरा आहे.

तुझ्या परीक्षेच्या दिवसांत आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे असायचो. आत तू काय लिहितेस काही कळायचं नाही, आणि आत जाताही यायचं नाही. हा महिनाभर तू तशीच उभी होतीस, हे काल मनगट सुटल्यावर लक्षात आलं. म्हणून हे पत्र उद्यावर न ठेवता आत्ताच टाकायला निघालोय. आम्ही दोघंही धड आहोत.

बाबा